सुटे पुंकेसर

शेडमध्ये तिला सगळ्या सोनारीण म्हणायच्या. अंगावर सोन्याचा कण नव्हता, पण हात सोनाराचा होता. टोमॅटोच्या कळीतून चिमट्याने नर उपटायचा, तोही एका झटक्यात अख्खा, आणि आतल्या मादीला ओरखडासुद्धा येऊ द्यायचा नाही, हे तिच्याइतकं कुणालाच जमलं नव्हतं. नव्या बायका आल्या की सुपरवायझर मॅडम त्यांना आधी तिच्या ओळीत उभ्या करायच्या आणि म्हणायच्या, "हात बघा. तोंडाकडे लक्ष देऊ नका."

हे काम काय असतं ते नीट सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वाऱ्यावर जाईल. माणसं शाळेत फुलाचं चित्र काढतात, बाण दाखवून नावं लिहितात, मार्क मिळवतात आणि विसरून जातात. तर, भोपळ्याला नरफूल वेगळं येतं आणि मादीफूल वेगळं. वेल एकच, देठ आपापले. मादीफुलाच्या बुडाशी बोराएवढा भोपळा आधीच बसलेला असतो, त्यामुळे ओळखायला फार अक्कल लागत नाही. टोमॅटोचं तसं नाही. त्याचं फूल द्विलिंगी. मधोमध मादीचा भाग, म्हणजे स्त्रीकेसर, आणि त्याला वेढून पाच-सहा पुंकेसर एकमेकांना चिकटून उभे, पिवळी टोपी घातल्यासारखे. नवरा-बायको एकाच खोलीत, दार आतून बंद. फूल आपलेच पराग आपल्यावर पाडून घेतं आणि मोकळं होतं. बियाण्याच्या कंपनीला नेमकं तेच नको असतं. मादी एका जातीची आणि नर दुसऱ्या जातीचा असेल तरच संकरित बी तयार होतं. म्हणून फूल उमलायच्या आदल्या दिवशी, कळी फिकट पिवळी पडली की ती पिवळी टोपी पाकळ्यांसकट उपटून काढायची. मग मादी तयार झाली की दुसऱ्या जातीचे पराग तिला लावायचे. टोपीतला एक जरी पुंकेसर आत राहिला तरी घोटाळा. घरचेच पराग पडतात, फळ दिसायला देखणं येतं, आणि बी निघतं भेसळीचं. ते कळतं पुढच्या हंगामात, दुसऱ्याच कुणाच्या तरी शेतात.

सोनारणीने असे नर उपटण्यात उभा जन्म घातला होता. मुलगा दुधाचे दात पाडत होता तेव्हा ती शेडमध्ये लागली. आता तोच मुलगा एका गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी होता आणि त्याची बायको शेडमध्ये तिच्यासमोरच्या बाजूला उभी राहून तेच काम करत होती. ओळ एक, बाजू दोन. इकडून सासू, तिकडून सून, मध्ये दोरीला बांधलेली टोमॅटोची झाडं. नाती जुळायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

दमणूक म्हणाल तर ती आता सवयीच्या पलीकडे गेली होती. शेडमध्ये वारा नसायचा. कीटक आत येऊ नयेत म्हणून जाळी इतकी बारीक, की हवासुद्धा विचार करून आत यायची. हात सतत खांद्याच्या वर, मान मागे, आणि डोळे कळीत खुपसलेले. संध्याकाळी घरी गेल्यावर मान पुढे आणायलाही वेळ लागायचा. तिला स्वप्नंसुद्धा कळ्यांचीच पडायची, आणि त्यात तिला कुणी हजेरी देत नव्हतं, ही तिची जुनी तक्रार होती.

अलीकडे भर पडली होती डोळ्यांची. लांबचं ठीक दिसायचं. जवळ धरलेली कळी मात्र धुरातून पाहिल्यासारखी. चष्मा होता, पण घामाने तो नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि वाफेने आंधळा व्हायचा. तिने तो पदराच्या गाठीत बांधून ठेवला आणि बोटांवर भिस्त टाकली. टोपी अख्खी सुटली की चिमट्याला एक हलकासा हिसका बसतो. तो हिसका तिला कळायचा. निदान कळतो असं ती धरून चालली होती. याबद्दल ती कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. ज्या बाईला बघायला नव्या बायका उभ्या केल्या जातात तिने मला दिसत नाही असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

असं सगळं चाललं असताना मॅडमनी जाहीर केलं, की एक शेड रिकामी करायची आहे, तिथल्या बायका बाकी शेडांत वाटून द्याव्या लागतील आणि म्हणून प्रत्येक ठिकाणची एक बाई कमी होईल. जिचं काम सगळ्यात मागे ती जाईल. नाव शनिवारी सांगू.

टोमॅटोच्या शेडमध्ये सगळ्यात मागे कोण, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. सोनारणीची सून.

सोनारणीला आधी लाज वाटली, मग संताप आला. ही मुलगी आली तेव्हा चपळ होती, हात हलका होता. आणि आता? गेल्या हंगामापासून नुसती रेंगाळत होती. एकेका झाडाशी चांभारचौकशी केल्यासारखी घुटमळायची. सोनारीण ओळीच्या टोकाला पोचायची तेव्हा ही मध्यावर.

"झोप लागली का गं झाडाला टेकून?" सोनारीण जाळीसारख्या पानांतून ओरडायची.

"जागी आहे, आई."

"मग हातांना सांग तसं."

शेडमधल्या बायका हसायच्या. सून हसायची नाही, रडायचीही नाही. खाली मान घालून पुढच्या कळीला हात घालायची. सोनारणीला ते उद्धटपणाचं वाटायचं. उलट बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

गुरुवारी मॅडमनी सोनारणीला बाजूला बोलावलं. त्या पोटच्या पोरीच्या वयाच्या होत्या आणि तिचा मान ठेवायच्या.

"तुमची सून आहे म्हणून विचारते. काय करू?"

"मला काय विचारता?"

"तुम्ही शब्द टाकलात तर मी दुसरं कुणाचं तरी बघेन. दोघी-तिघी जेमतेम तिच्या पुढे आहेत."

इथे सोनारणीचा स्वभाव आडवा आला. इतकी वर्षं तिने कुणापुढे हात पसरला नव्हता, आणि तो आता एका रेंगाळणाऱ्या सुनेसाठी पसरायचा? तिने मान ताठ केली, ती आधीच दुखत होती. "माझी सून म्हणून गय करू नका. काम नसेल जमत तर काढा. मी मागत नाही."

मॅडम म्हणाल्या, "बघा हं." सोनारीण म्हणाली, "बघितलं." आणि परत ओळीत जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी दुपारी जे झालं ते साध्या कारणाने झालं. शेडमध्ये एक कडक नियम होता. उपटलेले नर जमिनीवर टाकायचे नाहीत, वाळून त्यांचे पराग उडतात. प्रत्येक बाईच्या कमरेला एक कापडी पिशवी, त्यात ते टाकायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या पिंपात ओतायचे. त्या दिवशी सुनेच्या चपलेचा पट्टा तुटला. ती तो तारेने बांधत पायरीवर बसली होती आणि पिंपाशी रांग लागली होती. "दे इकडे," म्हणत सोनारणीने तिची पिशवी ओढून घेतली. "तुझं सगळंच मलाच निस्तरायचंय."

"राहू द्या आई, मी ओतते," सून एकदम उठली. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

"बस तिथे. पिशवी आहे, खजिना नाही."

तिने आधी आपली पिशवी पिंपात उलटी केली. मग सुनेची उलटी करताना थोडा कचरा घामट तळहाताला चिकटला. तो झटकायला म्हणून तिने अंगठा फिरवला आणि अंगठा थांबला.

अख्खी टोपी बोटांना कळते. जाडसर लागते, गोल फिरते, बुडाला पाकळ्यांचं भिरभिरं असतं. तशा टोप्या पिशवीत होत्या. पण तळहाताला चिकटलं होतं ते दुसरंच होतं. बारीक, चपटं, सुईसारखं. सुटा पुंकेसर. एक, अजून एक, अजून. तिने पिशवीत हात घालून तळ चाचपला. मूठभर तरी सुटे असतील.

पहिला विचार तिच्या स्वभावाला धरूनच आला, की ही बया टोपी तुकड्या-तुकड्यांनी काढते. धसमुसळी. पण बोटं तेवढ्यावर ऐकेनात. टोपी तुकड्यांनी निघाली तर तुकड्यांबरोबर पाकळ्या येतात. या सुट्यांना पाकळीचा मागमूस नव्हता. म्हणजे हे अशा फुलांतून निघाले होते ज्यांच्या पाकळ्या आणि टोपी आधीच कुणीतरी काढून नेली होती, आणि जाताना एखादा नर आत तसाच सोडला होता.

त्या ओळीत माणसं दोनच होती.

पिंपाशी मागची बाई म्हणाली, "अहो सोनारीणबाई, नमस्कार घालताय का पिंपाला? सरका की." ती सरकली.

सून नळावर बाटली भरत होती. सोनारणीने तिच्यापुढे तळहात धरला.

"हे काय आहे?"

"कचरा."

"कचरा मलाही कळतो. सुटे कुणाचे?"

"आई, डबा खाऊन घ्या. सुट्टी संपेल."

"माझे?"

बाटली भरून पाणी हातावरून वाहायला लागलं तरी सुनेने नळ बंद केला नाही. सोनारणीने केला.

"कधीपासून?"

"गेल्या हंगामात एकदा दिसलं. मग बघायला लागले." ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "रोज नसतात. उन्हात जास्त असतात. दुपारनंतर तर..."

"आणि मला सांगायला तोंड शिवलं होतं?"

"तुम्हाला सांगायचं?" सुनेने पहिल्यांदा वर पाहिलं. "मीठ जास्त झालंय म्हटलं तर दोन दिवस अबोला धरता तुम्ही. आणि नर राहिलाय म्हणून सांगू?"

दोन दिवस म्हणजे तिने कमीच सांगितलं होतं.

"उपकार-बिपकार मनात आणू नका," सून म्हणाली. आता तिचं तोंड सुटलं होतं. "तुम्ही घरी बसलात की संपलं सगळं. हे दिवसा झोपतात. दोन खोल्या. त्यात तुम्ही दिवसभर भांडी आपटणार, कपाट सरकवणार, शेजारणीला दारात उभी करून माझं गाऱ्हाणं सांगणार. मी इथे उभी आहे ते परवडलं."

"उद्या मॅडम नाव सांगणार आहेत."

"ठाऊक आहे. माझंच असेल."

"मग?"

"मग मी दुसरीकडे बघेन. मला दिसतं, आई. मला कुणीही घेईल. तुम्हाला कोण घेणार?"

इतकं स्पष्ट सोनारणीशी आजवर कुणी बोललं नव्हतं. नवऱ्याची तर हयातभर हिंमत झाली नव्हती. ती नळाच्या कठड्यावर टेकली. तिला भूक नव्हती, राग येत नव्हता, फक्त वाटत होतं की इथेच बसून राहावं आणि कुणी उठ म्हणू नये. पण एक गोष्ट उरली होती आणि ती पोटात ठेवून डबा खाणं शक्य नव्हतं.

"मॅडमनी काल मला विचारलं होतं. तुला ठेवू का म्हणून." तिने तळहात पदराला पुसला. "मीच म्हटलं, काढा."

सून म्हणाली, "बरं केलंत," आणि तारेने बांधलेली चप्पल फरफटत डबा घेऊन दुसऱ्या बायकांजवळ जाऊन बसली. त्या काहीतरी बोलल्या, ती हसली. ते हसणं सोनारणीसाठी नव्हतं आणि ते तिला लांबूनही स्वच्छ दिसलं.

दुपारनंतर ती ओळीत उभी राहिली खरी, पण एकाही कळीला हात लावला नाही. समोरून सून झपझप पुढे गेली. तिला आता मागे काही बघायचं नव्हतं. शेडच्या टोकाला पोचून ती कधीची थांबली होती, कमरेवर हात ठेवून. अशी चपळ ती पहिल्या वर्षी होती.

संध्याकाळी बायका हातपाय धुवायला गेल्यावर सोनारीण मॅडमच्या टेबलाशी गेली. टेबल म्हणजे खताच्या गोण्यांशेजारी टाकलेली फळी, तिच्यावर चहाचे डाग.

"उद्या माझं नाव सांगा."

मॅडम पेन शोधत होत्या. "कशाचं?"

"कमी करायच्या बाईचं. सून मागे पडत नाही. ती माझं निस्तरत होती." आणि तिने सगळं सांगितलं, डोळ्यांचं, चष्म्याचं, सुट्या पुंकेसरांचं. सांगायला फारसा वेळ लागला नाही. वर्षभर जे लपवलं ते चार वाक्यांत मावलं, याचं तिला वाईटही वाटलं.

मॅडमना गहिवर वगैरे आला नाही. त्यांचा चेहरा पडला तो वेगळ्याच कारणाने. "म्हणजे त्या ओळीचं बी? वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"तिने सोडलेलं नाही काही. हात चांगला आहे तिचा."

"काल तर म्हणालात काढा!"

"काल आंधळी होते."

मॅडमना हसू फुटलं आणि त्यांनी ते लगेच आवरलं. मग चिडून म्हणाल्या, "आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मी तुमच्याकडे शिकलेल्या बायकांचं नाव घेऊन वर भांडते. उद्यापासून तुमच्या बाजूच्या सगळ्या कळ्या मला दुसऱ्या बाईकडून तपासून घ्याव्या लागणार. माणसं कुठून आणू मी?"

"सुनेला सांगा. ओळ तिच्या पायाखालची आहे. पण त्या तपासलेल्या कळ्या तिच्या मोजणीत धरा."

"धरेन. आणि तुम्ही?"

"मी कमी झालेली बाई ना. मी घरी."

हे म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे घर आलं. खिडकीला लावलेली चादर, पलंगावर तोंडावर हात घेऊन झोपलेला मुलगा, आणि आवाज न करता दिवस काढायचा. तिथे ती काय करणार होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

मॅडमनी बराच वेळ फळीवर पेन आपटलं. "भोपळ्याकडे सकाळी नरफुलं तोडायला एक बाई हवी आहे. पण ते नव्या मुलींचं काम आहे. तुम्हाला नाही आवडायचं."

"आवडायचं कोण म्हणतंय? नवी म्हणून घ्या."

शनिवारी नाव वाचलं गेलं तेव्हा एक-दोघींनी सुनेकडे पाहिलं, जणू तिनेच सासूला घालवलं. सुनेने नेहमीप्रमाणे मान खाली घातली. घरी दोघी एकमेकींशी गरजेपुरतं बोलल्या. भांडी मात्र कुणी आपटली नाहीत.

सोमवारी सोनारीण भोपळ्याच्या शेडमध्ये गेली. तिथे काम सोपं होतं. नरवेलांची ओळ वेगळी. आदल्या संध्याकाळी, फुलं आपणहून उमलू नयेत म्हणून, त्यांना चाप लावून ठेवलेले. सकाळी चाप काढायचा, नरफूल देठासकट तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या आणि मधला परागांचा दांडा शाबूत ठेवून फूल ट्रेमध्ये उभं करायचं. ट्रे भरला की पलीकडच्या बायका ते दांडे मादीफुलांवर फिरवणार. फुलं हाताच्या पंजाएवढी. डोळे मिटूनही चुकायला नको. शिवाय बसायला उलटा क्रेट होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामाच्या जागी तिला कुणी बस म्हटलं.

ती बसली, आणि कामाला लागली. हात भराभर चालत होते. ट्रे भरला तसा तो न्यायला तिथली मुख्य बाई आली, गोरटेली, गबदुल, सगळे तिला ताई म्हणायचे. तिने ट्रेमध्ये पाहिलं, मग सोनारणीकडे पाहिलं, मग पुन्हा ट्रेमध्ये.

"मावशी, हे काय केलंत?"

"का? पाकळ्या फाटल्या?"

"पाकळ्या कशाला ठेवल्यात? दांडे कुठे आहेत?"

दांडे सोनारणीच्या कमरेच्या पिशवीत होते. एकूण एक. तिच्या हातांनी प्रत्येक फुलाच्या पोटात शिरून नर उपटला होता, मुळापासून, ओरखडा न काढता, आणि कचरा म्हणून पिशवीत टाकला होता. ट्रेमध्ये उभ्या होत्या सुंदर पिवळ्या रिकाम्या वाट्या, कुणाच्याच उपयोगाच्या नाहीत. हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

आजूबाजूच्या पोरी खिदळल्या. ताईलाही हसू आवरेना. सोनारीण हसली नाही. पिशवीत हात घालून तिने ते दांडे बाहेर काढले आणि मांडीवर घेऊन बसून राहिली. दमली होती.

जेवणाच्या सुट्टीत सून भोपळ्याच्या शेडच्या दाराशी आली. गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती, हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं. अशा गोष्टींना पाय असतात. ती आत आली नाही, जाळीला टेकून उभी राहिली.

"काय हो आई, पहिल्याच दिवशी सगळे नर कापून काढलेत म्हणे?"

"हस. तू पण हस."

"हसत नाहीये." ती हसत होती. "येऊ का मागून निस्तरायला?"

"इथे निस्तरण्यासारखं राहिलं असतं तर बोलावलं असतं." सोनारणीने क्रेटवर जरा सरकून जागा केली. "ये. बस. तुझी मान धरली असेल."

"मी तिकडे बायकांबरोबर बसलेय," सून म्हणाली. मग बाटली पुढे करून, "पाणी घ्या. इथला नळ खारट आहे," एवढं म्हणून गेली.

सुट्टी संपल्यावर सोनारणीने ताईला हाक मारली. "अगं ताई, ते फूल मला परत एकदा करून दाखव. सावकाश दाखव, मला जवळचं दिसत नाही."